दोरा ओवणाऱ्याची साक्ष

गोधडी एकटीने शिवता येते. तशी शिवू नये असा नियम कुठे लिहिलेला नाही. पण आमच्या गावात जिने ती एकटीने शिवली, तिच्याविषयी नंतर बराच काळ बोललं जायचं. "येकलीनंच शिवली म्हणं," एवढंच आमची आत्या म्हणायची. पण त्यातल्या 'म्हणं'वर ती असा काही जोर द्यायची, की त्या बाईचं माहेर, वळण आणि घरातली भांडणं एका दमात चव्हाट्यावर यायची.

याचं मूळ माणुसकीत वगैरे शोधायला जाऊ नये, ते भूमितीत आहे. गोधडी म्हणजे खाली एक जुनं सुती लुगडं, वर दुसरं, आणि पोटात घरातल्या निवृत्त कपड्यांची भरती: आजोबांची धोतरं, कोपरावर विरलेले सदरे, तीन भावांनी ओळीने वापरून संपवलेली खाकी चड्डी. असा चार-पाच थरांचा ऐवज सहा फूट लांब आणि चार फूट रुंद पसरला, की तो एका माणसाचं ऐकत नाही. हा कोपरा ताणला की तो गोळा होतो, तो ओढला की मधे फुगवटा येतो. अमेरिकेतल्या बायकांनी यासाठी लाकडी चौकट केली आणि कापड तिच्यावर ताणून बसवलं. आमच्याकडे सुतार पेरणीच्या अवजारांतून मोकळा व्हायचा नाही, त्यामुळे चौकटीचं काम बायकाच करायच्या. चौघी चार बाजूंना थेट गोधडीवरच मांडी घालून बसायच्या आणि आपापल्या वजनाने ती जागेवर ठेवायच्या. थोरल्या काकूंची बाजू कधीही हलली नाही, हे मी आदरपूर्वक नोंदवतो.

शिवण काठापासून सुरू व्हायची. बाहेरची चौकट धावदोऱ्याने पुरी झाली की बोटभर आत दुसरी, तिच्या आत तिसरी. शिवून झालेल्या भागावर बसायचं आणि न शिवलेल्या भागाकडे सरकायचं. त्यामुळे पहिल्या दुपारी ज्या बायका एकमेकींपासून सहा फुटांवर होत्या, त्या शेवटच्या दुपारी गुडघ्याला गुडघा लावून बसलेल्या असायच्या आणि मधे ताटाएवढी जागा शिवायची उरलेली असायची.

बोलणंही त्याच वाटेने आत यायचं. काठावर पाऊस, कांद्याचा भाव, कुणाची म्हैस व्याली. वीतभर आत गेलं की लग्नं: कुणाचं ठरलं, कुणाचं मोडलं, कुणाचं मोडायला हवं होतं. हातभर आत सुना. त्याच्या आत सासवा, पण तेवढ्यापुरती सासू पाणी प्यायला उठलेली असावी लागायची. आणि अगदी मध्यावर चारी डोकी एकत्र आली, की जे उंबऱ्याबाहेर जायचं नाही ते. भावकीतल्या एका वाटणीचा निकाल कोर्टाने पुष्कळ वर्षांनी दिला. गोधडीच्या मध्यावर तो फार आधी लागला होता, आणि लोकांनी तोच पाळला.

हे मला ठाऊक असण्याचं कारण म्हणजे मी सुया ओवायला होतो. चाळिशीनंतर सुईचं नेढं दिसेनासं होतं. घरात चष्मा एकच, तोही आजोबांच्या नाकावर. मग एखादं पोरगं हाताशी धरायचं. लहान मुलांना काही कळत नाही ही मोठ्यांची समजूत फार जुनी आहे, आणि माझं सगळं शिक्षण तिच्यावर उभं आहे. खबरदारी म्हणून बायका सांकेतिक भाषेत बोलायच्या: "ती गं, त्या तिकडची. तिचं ते झालं नव्हतं का, तसंच आता हिचं." पाचवीत जायच्या आत मी या भाषेत तरबेज झालो, इंग्रजीचा पहिला धडा त्यानंतर आला. दोरा हातभर तोडायचा असा आत्याचा हुकूम होता, कारण लांब दोऱ्याला गाठी पडतात. मी तो वीतभर आखूड तोडायचो. आखूड दोरा लवकर संपतो, आणि ओवणाऱ्याला अंगणात खेळायला जा असं म्हणता येत नाही.

अमेरिकेतल्या चौकटीविषयी वाचताना मला एका गोष्टीने फार बरं वाटलं. तिथे आठ-दहा जणी चौकटीच्या दोन्ही बाजूंना बाकांवर बसतात. कडेचा भाग शिवून झाला की तो दांड्याला गुंडाळतात. मग बाकं आणखी आत येतात. पुन्हा शिवायचं, पुन्हा गुंडाळायचं. म्हणजे शेवटी त्याही समोरासमोर नाकाला नाक लावूनच बसलेल्या! एकोणिसाव्या शतकात ओहायोतल्या शेतकऱ्याची बायकोसुद्धा खरी बातमी तिसऱ्या गुंडाळीपर्यंत राखून ठेवत असणार, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

रजई पुरी झाली की तिकडच्या काही भागांत एक गंमत करायचे असं सांगतात. लग्नाच्या वयाची पोरं-पोरी नव्या रजईच्या कडा धरून उभी राहायची, मधे मांजर सोडायचं आणि रजई झटकायची. मांजर उडी मारून ज्याच्याकडे पळेल त्याचं लग्न आधी. आमच्या गावात हे चाललं नसतं. आमचं मांजर गोधडीवर अंग पसरून झोपलं असतं आणि अख्खी पिढी बिनलग्नाची राहिली असती.

एका गोधडीत चौघींचे टाके असतात, आणि जाणत्या डोळ्याला ते वेगवेगळे दिसतात. काकूंचा टाका बाजरीच्या दाण्याएवढा. धाकट्या काकूचा लांब, घाईतला, कारण तिचं लक्ष चुलीवरच्या दुधाकडे. आत्या बोट फिरवून सांगायची, "हा परवाचा टाका. परवा तू रागात होतीस." यावर सहसा कुणी वाद घालायचं नाही, कारण परवा ती खरोखरच रागात होती. हे कुणाला फार वाटत असेल, तर सुझन ग्लास्पेल या अमेरिकन लेखिकेची 'ट्रायफल्स' ही १९१६ची एकांकिका आहे. एका शेतकऱ्याचा झोपेत गळा आवळून खून झालेला. बायको अटकेत. शेरीफ आणि सरकारी वकील पुरावा शोधत माडीवर जातात, गोठ्यात जातात, बुटांचा आवाज करत सगळीकडे हिंडतात. सोबत आलेल्या दोन बायका स्वयंपाकघरात थांबतात. तिथे त्यांना अर्धवट शिवलेल्या रजईचे तुकडे सापडतात, आणि आता हिने हे सगळीकडून टाके घालून पक्कं केलं असतं की नुसत्या गाठी मारून, अशी त्यांची चर्चा सुरू होते. पुरुष हसतात. तेवढ्यात बायकांना दिसतं, की सगळे तुकडे नेटके आहेत आणि एकाचेच टाके सैरावैरा धावताहेत. खुनाचा उलगडा तिथून सुरू होतो. पुरुषांना तो शेवटपर्यंत होत नाही. शिवाय त्यांतली एकजण बोलता बोलता ते वाकडे टाके उसवून सरळ करते, म्हणजे पुरावाही गेला. ग्लास्पेल आधी वार्ताहर होत्या आणि आयोवातल्या एका खऱ्या खुनाच्या बातम्या त्यांनी दिल्या होत्या. आमच्या आत्याला मात्र ती एकांकिका बेतलेली वाटली असती. शेरीफ हसला कसा, एवढंच तिला पटलं नसतं. आमच्याकडे पुरुष गोधडीच्या आसपास हसत नसत. चहा मिळायचा असे.

आता प्रदर्शनाकडे वळू. अमेरिकेत ह्यूस्टनला दरवर्षी रजयांचा मोठा मेळा भरतो. असल्या प्रदर्शनांत रजया भिंतीवर टांगलेल्या असतात आणि त्यांना हात लावायचा नाही अशी सक्त ताकीद असते. पण रजई करणाऱ्या बाईला पुढची बाजू पाहून समाधान होत नाही. तिला मागची बाजू हवी. गाठी कुठे लपवल्या, दोरा कुठे संपला, कोपऱ्यात काय लबाडी केली, ते सगळं मागे असतं. म्हणून तिथे पांढरे हातमोजे घातलेल्या स्वयंसेविका उभ्या असतात. आपण विनंती करायची, मग त्या चिमटीत कड धरून मागची बाजू अलगद दाखवतात.

आमचा मेळा घट बसायच्या आधी कॅनॉलवर भरायचा. नवरात्रापूर्वी घरातलं झाडून सगळं अंथरूण-पांघरूण धुवायला निघायचं. बैलगाडीत गोधड्यांचा डोंगर, वर पोरं. ओली गोधडी म्हणजे काय वजन असतं, ते ज्याने तिचं एक टोक धरून पिळलंय त्यालाच कळेल. दोघांनी उलटसुलट पीळ द्यायचा, आणि मधेच समोरच्याने सोडली की आपण पाण्यात. धुतलेल्या गोधड्या मग कॅनॉलच्या भरावावर, बाभळीवर, दगडांवर पसरायच्या. फर्लांगभर अंतर रंगांनी भरून जायचं. गावातल्या प्रत्येक घराने गेल्या पाच-दहा वर्षांत काय नेसलं, काय फाडलं आणि काय फाडायला नको होतं, ते उन्हात पडलेलं. आत्या आणि तिच्या दोघी मैत्रिणी त्या रांगेतून हिंडत पाहणी करायच्या. हातमोजे नव्हते. विनंतीही नव्हती. थेट कोपरा उचलायचा, उलटा करायचा, आणि घरमालकिणीकडे पाहत "बरी हाय" म्हणायचं. 'बरी' म्हणजे नापास. पास झालेल्या गोधडीला शब्द मिळत नसे. तिच्यापाशी आत्या नुसती थांबायची आणि दोन बोटांनी टाके मोजायची.

अशा बायकांना तिकडे 'क्विल्ट पोलीस' म्हणतात, हे कळल्यावर आत्याला हुद्दा मिळाल्याचा मला आनंद झाला.

पण खरी देवाणघेवाण त्या भरावावरच व्हायची. पुढच्या उन्हाळ्यात पाहावं, तर आत्याने ज्या गोधडीला 'बरी' म्हटलं होतं तिच्यातला लाल-पांढरा चौकटीचा काठ आमच्या गोधडीवर आलेला असायचा. यावर कुणी बोट ठेवलं, तर तो काठ मूळचा आत्याच्या माहेरचा निघायचा. आणि आमच्या गोधडीचा कोपरा कुणी उचलला, तर ती चोरी. कलेच्या क्षेत्रात प्रेरणा आणि चोरी यांतली सीमारेषा नेमकी कुठे असते, असे प्रश्न मी पुढे परिसंवादांत ऐकले. उत्तर इतकं सोपं आहे, की ते लोक दुपारचं जेवण लांबवण्यासाठीच बोलत असावेत असं मला वाटतं.

अमेरिकेत हेच काम वर्तमानपत्राने केलं. 'कॅन्सस सिटी स्टार' १९२८ ते १९६१ पर्यंत रजयांचे नमुने छापत असे. लोक ते कापून डब्यात ठेवायचे. नमुन्यांना नावं असायची: लॉग कॅबिन, अस्वलाचा पंजा, उडती बदकं, आणि एका वेड्यावाकड्या वळणांच्या नमुन्याचं नाव चक्क दारुड्याची वाट. एकाच नमुन्याला या गावात एक नाव, नदी ओलांडली की दुसरं. दारुड्याची वाट कुठल्या गावात कुणाच्या नवऱ्यावरून पडली असेल, हे तिथल्या एखाद्या ओवणाऱ्या पोरालाच ठाऊक असणार.

अलाबामातल्या जीज बेंडची गोष्ट मात्र सविस्तर सांगायला हवी. अलाबामा नदीने तीन बाजूंनी वेढा घातलेलं हे कृष्णवर्णीयांचं खेडं. पूर्वी मळा होता, गुलाम होते. मळ्याच्या एका मालकाचं पेटवे हे आडनाव अजून निम्म्या गावाला चिकटलेलं आहे. नदीपलीकडे तालुक्याचं ठिकाण. १९६२मध्ये या लोकांनी मतदार म्हणून नाव नोंदवायला पलीकडे जायला सुरुवात केली, तशी नदीवरची फेरीबोट बंद झाली. ती पुन्हा सुरू झाली २००६मध्ये. मधल्या काळात पलीकडे जायचं म्हणजे मोटारीने मोठा वळसा. गाव असं कोंडलेलं, थंडी लाकडी घरांच्या फटींतून आत येणारी, आणि घालायला शेतावरचे जुने कपडे. बायका त्याच कपड्यांच्या रजया करत. गुडघ्यावर विटलेली निळी पँट, तिचा न विटलेला खिसा, सगळं जसंच्या तसं वर. वरची रचना ज्याची त्याने आपल्या घरी करायची, तिथे कुणाचं ऐकायचं नाही. थर एकत्र शिवायला मात्र शेजारणी गोळा व्हायच्या, गाणी म्हणायच्या. हा समझोता मला फार शहाणपणाचा वाटतो. आमच्या गोधडीत वरच्या लुगड्याचा रंग ठरवतानाच निम्मी दुपार जायची आणि एखादी नाराज होऊन पापड लाटायला निघून जायची.

१९६६मध्ये तिथल्या परिसरातल्या बायकांनी 'फ्रीडम क्विल्टिंग बी' नावाची सहकारी संस्था काढली. रजया न्यूयॉर्कच्या लिलावात गेल्या, मोठ्या दुकानांच्या ऑर्डरी आल्या. पुढे एका संग्राहकाने एक छायाचित्र पाहिलं: सरपणाच्या ढिगावर टाकलेली एक रजई. ती शोधत तो गावात पोचला. रजईच्या मालकिणीने आदल्याच आठवड्यात काही जुन्या रजया जाळल्या होत्या, कारण सुताच्या धुराने डास पळतात. सुदैवाने छायाचित्रातली शिल्लक होती. तिच्यासकट काही रजयांचे त्याने काही हजार डॉलर देऊ केले. २००२मध्ये ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयात आणि मग न्यूयॉर्कच्या व्हिटनीमध्ये या रजया भिंतीवर लागल्या, समीक्षकांनी त्यांना आधुनिक चित्रकलेच्या रांगेत बसवलं, आणि २००६मध्ये त्यांची टपाल तिकिटं निघाली. हे वाचल्यावर आपण आजवर किती कलाकृती डासांपायी घालवल्या, याचा हिशेब मी करत नाही. आमच्याकडे जुन्या गोधडीचा शेवट म्हशीच्या पाठीवर व्हायचा. थंडीत म्हशी आमच्याकडे व्हिटनीच्या तोडीचं पांघरायच्या.

कच्च्या मालाचा प्रश्न सगळीकडे सारखाच नाजूक. आपल्याकडे जुन्या साडीला दोन भवितव्यं असतात: गोधडी किंवा बोहारीण. बोहारणीची हाक ऐकू आली की घरात दोन तट पडायचे. आईला स्टीलची परात हवी असायची, आत्याला पोपटी पातळ गाठोड्यात हवं असायचं. बोहारीण दोघींना ओळखून होती; ती आत्या देवळात गेली की यायची. पुढे नायलॉनच्या साड्या आल्या आणि बोहारणीची बाजू कायमची जिंकली. नायलॉनवरून सुई घसरते, घाम टिपला जात नाही, आणि थंडीत नेमकी पायाखाली गोळा होणारी तीच.

अमेरिकेत टंचाई नसल्यामुळे तिथला आजार उलटा आहे. तिथल्या बायका चांगलं अख्खं नवं कापड विकत घेतात, त्याचे तुकडे करतात, ते तुकडे जोडून पुन्हा अख्खं कापड करतात. मधल्या काळात कापड साठत जातं. या साठ्याची एक पायरी अशी आहे, की उरलेल्या आयुष्यात शिवून संपणार नाही इतकं कापड घरात झालेलं असतं. त्या अवस्थेला त्यांनी आपणच 'सेबल' असं संक्षिप्त नाव दिलंय. अर्धवट सोडलेल्या रजयांना त्या 'यूएफओ' म्हणतात, आणि मैत्रिणी एकमेकींना किती यूएफओ झाले ते मोकळेपणाने सांगतात. नवऱ्याला सांगतात का, याबद्दल कुठे वाचायला मिळालं नाही.

माझ्या घरी हा आजार पुण्यात आल्यावर शिरला. सोसायटीतल्या काही जणींनी गोधडीचा गट काढला आणि आमच्या सौभाग्यवती त्यात गेल्या. गोल पात्याचा कटर आला, हिरवी चटई आली, शिवणयंत्र आलं. सुरुवातीला प्रत्येकजण आपापल्या यंत्रावर खटखट करत बसायची. गट म्हणायचा, पण कुणाला कुणाचं ऐकू यायचं नाही. तुकडे जोडून झाले आणि थर एकत्र टाचायची वेळ आली, तेव्हा भूमिती पुन्हा आडवी आली. जमिनीवर पसरावं, तर चौघींतल्या तिघींचे गुडघे डॉक्टरांच्या ताब्यात. बेडवर पसरावं, तर गादीलाच टाचली जाते. शोध घेता क्लबहाउसमधलं टेबल टेनिसचं टेबल सापडलं: नऊ फूट बाय पाच फूट, कमरेच्या उंचीचं, चारी बाजूंनी उभं राहता येणारं. दर शनिवारी संध्याकाळी त्यांनी जाळी काढून ते ताब्यात घेतलं.

टेबल टेनिस खेळणारे चार निवृत्त गृहस्थ निषेध नोंदवायला गेले. त्यांतल्या एकाला, सिंचन खात्यातून अधीक्षक अभियंता म्हणून निवृत्त झालेल्या, "भाऊ, जरा हा कोपरा धरा," असं सांगण्यात आलं. त्याने धरला. दुसऱ्याची दृष्टी मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर लखलखीत झालेली, त्याच्या हातात सुई-दोरा देण्यात आला. उरलेले दोघे, या दोघांना न्यायचं म्हणून थांबले. आता चौघेही शनिवारी वेळेवर हजर असतात, आणि सोसायटीत कुणाची गच्ची गळते, कुणाचा मुलगा परत येतोय, कुणाच्या भाडेकरूने भाडं थकवलंय, याची माहिती सेक्रेटरीला त्यांच्याकडून घ्यावी लागते. परवाच्या वार्षिक सभेत लिफ्टच्या कंत्राटावर तासभर चर्चा होईल असं वाटलं होतं. पाच मिनिटांत आवरलं. मी शेजारच्या अभियंत्यांकडे पाहिलं, तर ते म्हणाले, "ते झालं मागच्या शनिवारी. अगदी मध्यावर."

क्लबहाउसच्या फलकावर हल्ली रीतसर सूचना लागली आहे: दर शनिवारी टेबल टेनिस बंद राहील, आदेशावरून, व्यवस्थापन समिती. तिच्याखाली कुणीतरी बॉलपेनने लिहिलंय: निळ्या रंगाची जुनी सुती साडी असल्यास द्यावी. नायलॉन आणू नये. त्याच्याही खाली वेगळ्या अक्षरात: मागची बाजू पाहायची असेल तर हात धुऊन यावे.